हद्दपार झालेला मुंबईकर : बी. जी. हॉर्निमन

मुंबईला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी फोर्टमधील टाउन हॉलसमोरची गोल बाग पाहिली असेल. तिचे नाव हॉर्निमन सर्कल. नाव इंग्रजी असल्यामुळे ते एखाद्या गव्हर्नरचे असावे, असा कोणाचाही समज होईल. वस्तुस्थिती उलट आहे. स्वातंत्र्यानंतर एल्फिन्स्टन या गव्हर्नराचे नाव काढून तेथे इंग्रज सरकारनेच हद्दपार केलेल्या एका इंग्रजाचे नाव देण्यात आले.

बेंजामिन गाय हॉर्निमन यांचा जन्म १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १९०६ साली ते कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पत्रात नोकरीसाठी आले. १९१३ मध्ये सर फिरोजशहा मेहता यांनी मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल' काढले व संपादकपदी हॉर्निमनना नेमले. १९१६ साली लोकमान्यांची होमरूल लीग आपल्या बेळगावात स्थापन झाली. मुंबई शहरात ॲनी बेझंटबाईंच्या लीगचे काम चाले. त्या कामात हॉर्निमन आघाडीवर होते.

१९१९ साली रौलट कायदा आला. गांधीजींच्या सत्याग्रह सभेचे ते उपाध्यक्ष झाले आणि 'क्रॉनिकल'मधून सरकारच्या दडपशाहीवर कठोर टीका करू लागले. २६ एप्रिल रोजी सरकारने भारत संरक्षण कायद्याखाली त्यांना बोटीवर चढवून विलायतेस रवाना केले. खटला नाही, आरोपपत्र नाही, बाजू मांडण्याची संधी नाही. तेरा वर्षांचा संसार, मित्र आणि लेखणी मागे राहिली.

आता मुंबईकरांनी काय करावे? थोड्याच दिवसांपूर्वी अहमदाबाद व विरमगाव येथे दंगली होऊन गांधीजींनी सत्याग्रह तहकूब केला होता. संतापाच्या भरात दगड उचलला गेला असता तर हद्दपारीचे समर्थन सरकारला आयतेच मिळाले असते. म्हणून गांधीजींनी लोकांना पंधरा दिवस थांबवले. रविवार, ११ मे रोजी हरताळ ठरला. उपवास करावा, घरी धर्मग्रंथ वाचावेत, गर्दी जमवू नये, दुकान बंद करण्याची कोणावर सक्ती करू नये, असे सांगण्यात आले. हरताळ शांततेत पार पडला. एका परक्या देशातून आलेल्या माणसासाठी शहराने केलेला हा उपवास होता.

हॉर्निमन विलायतेतही स्वस्थ बसले नाहीत. पंजाबातील अत्याचारांवर त्यांनी १९२० साली पुस्तक लिहिले. हद्दपारीचा युद्धकालीन कायदा संपला, तरी सरकारने हिंदुस्थानचा पासपोर्ट नाकारून त्यांना अडवून धरले. पार्लमेंटात त्यावर वारंवार प्रश्न विचारले गेले. अखेर जानेवारी १९२६ मध्ये ते भारतात परतले आणि पुन्हा 'क्रॉनिकल'च्या खुर्चीत बसले. पुढे 'बॉम्बे सेंटिनेल' हे सायंदैनिक त्यांनी अनेक वर्षे चालवले. १९४८ मध्ये, स्वतंत्र भारत पाहून, त्यांनी देह ठेवला.

माणूस कोठला, हे जन्माच्या दाखल्यावरून ठरवायचे की त्याने कोणाच्या सुखदुःखात आयुष्य घातले यावरून? सरकारने हॉर्निमनना बोटीवर चढवले; मुंबईने मात्र त्यांचे घर सात वर्षे मनात राखून ठेवले. परगावाहून येऊन आपल्यात रुजलेल्या कोणावर असा प्रसंग आला, तर विद्यार्थिमित्रांनो, ११ मेचा तो शांत रविवार आपण अवश्य आठवावा.