ना. म. जोशी आणि जायबंदी मजुराचा हक्क

यंत्रात हात सापडून जायबंदी झालेल्या मजुराला भरपाई देणे ही मालकाची दया नसून त्याच्यावरील देणे आहे, हे तत्त्व आज सर्वमान्य वाटते. ते आपल्या कायद्यात उतरावे म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत नारायण मल्हार जोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे १८७९ साली जन्मलेले जोशी १९०१ मध्ये पदवीधर झाले. काही वर्षे शिक्षकी पेशात घालवून १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता, तर १९२१ पासून दीर्घकाळ त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडली.

त्यांच्यापुढील प्रश्न जुना होता. इंग्लंडमध्ये १८३७ साली एका खाटकाच्या जखमी नोकराला ज्यूरीने १०० पौंडांची भरपाई दिली. वरिष्ठ न्यायाधीशांनी ती रद्द केली. त्यानंतर मालकांच्या वकिलांना दोन हुकमी बचाव लाभले. इजा सहकाऱ्याच्या चुकीने झाली, हा पहिला. मजुराने धोका जाणूनच काम पत्करले, हा दुसरा. ज्यूरीची सहानुभूती या दोन भिंतींपुढे निष्प्रभ ठरे. हिंदुस्थानात तर दिवाणी दाव्यांत ज्यूरीची प्रथा रुजलीच नाही, आणि मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याइतका पैसा गिरणीकामगारापाशी नव्हता.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने हा पेच सोडविला. अपघात कामाच्या ओघात झाला, एवढे पुरे. दोष कोणाचा, हा प्रश्न बव्हंशी गौण ठरला. निवाडा दिवाणी न्यायालयाऐवजी आयुक्ताकडे आला. मृत्यूबद्दल ३० महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम ठरली. दिवाणी दाव्यातील ते दोन बचाव मात्र शिल्लक राहिले. जोशी ज्याचे सदस्य होते, त्या व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये अहवाल दिला. पुढे १९३८ च्या कायद्याने तेही गेले. १९५५ मध्ये जोशी निवर्तले. लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग त्यांची आठवण देतो.

परंतु त्यांच्या कार्याचे मोजमाप गिरणगावापुरते करून चालणार नाही. १९२३ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. जव्हार तेव्हा संस्थान होते, म्हणून तेथे तो लागू नव्हता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि कायद्याची ती सीमा पुसली गेली. तथापि जव्हार-मोखाड्याची आदिवासी कुटुंबे आजही दिवाळीनंतर भिवंडी, वसईकडील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मजूर मुकादमाने आणलेला, हजेरीपटावर नाव नाही, हातात चिठ्ठी नाही. पराती कोसळून तो पडला, तर मालकापाशी आता तिसरा बचाव तयार असतो : हा माझा कामगारच नव्हे.

कंत्राटदाराने आणलेल्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावर टाकण्याची तरतूद १९२३ पासूनच होती. उणीव आहे ती पुराव्याची. गाव सोडताना ग्रामपंचायतीत मजुराचे, मुकादमाचे आणि कामाच्या ठिकाणाचे नाव नोंदले जावे व त्याची प्रत मजुराच्या हाती असावी, यास फारसा खर्च येणार नाही. दोष सिद्ध करण्याचे ओझे जोशींच्या पिढीने मजुराच्या डोक्यावरून उतरविले. नोकरी सिद्ध करण्याचे ओझे उतरविणे हे या पिढीचे काम आहे.