केडगावचे स्वतंत्र प्रार्थनामंदिर

शनिवार पेठेत ज्यांची गादी होती, त्या पेशव्यांच्या घराण्यात दुसऱ्या बाजीरावांच्या राणीला संस्कृत शिकवले जात असे. शिक्षक रामचंद्रशास्त्री साठे यांच्यासमवेत वाड्यावर जाणारे शिष्य अनंतशास्त्री डोंगरे यांनी ते पाहिले आणि आपल्या पत्नीलाही शिकवण्याचा निश्चय केला. लोकापवाद सोसून त्यांनी तो पाळला. त्या विदुषी मातेची कन्या म्हणजे पंडिता रमाबाई.

२३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंना दुष्काळाने पोरके केले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली. १८८२ मध्ये वैधव्य आल्यावर कन्या मनोरमेसह त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापला. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तेव्हाच्या बर्कशायर परगण्यातील वाँटेज या गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात संताप उसळला. परंतु ज्यांनी दीक्षा दिली, त्यांनाही रमाबाई पेलल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी शंका घेतल्या आणि धर्माधिकाऱ्यांचा शब्द केवळ अधिकारापोटी मानण्यास नकार दिला.

याच अँग्लिकन चर्चच्या पोटातून अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांचा मेथॉडिस्ट पंथ निघाला होता. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत त्याची साधी प्रार्थनामंदिरे उभी राहिली. तेथे शेतमजूर आणि कारागीर स्वतःच प्रवचन करीत व सामुदायिक गीते गात. रमाबाई त्या पंथाच्या झाल्या नाहीत. पण बिशपांच्या छत्राविना खेड्यात उपासना उभी करण्याचे कार्य त्यांच्याही हातून व्हायचे होते.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले व १८९० मध्ये ते पुण्यास आणले. विधवा मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्मांतराची भीती निराधार नव्हती, कारण काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. मात्र त्या मुलींना शिकवणारे दुसरे घर पुण्यात नव्हते, हेही तितकेच खरे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या आणि पुण्याजवळच्या केडगावी मुक्ती सदन वसवले. सन १९०० च्या सुमारास तेथील संख्या दीड हजारावर गेली. शेती, विणकाम, छपाई मुलीच करीत. तेथे उभारलेले प्रशस्त चर्च कोणत्याही एका पंथाचे नव्हते.

१८९८ मध्ये मेथॉडिस्ट मिशनच्या मिनी अब्राम्स केडगावी आल्या. १९०५ मध्ये तेथे उसळलेल्या भक्तीच्या लाटेवर त्यांनी पुस्तिका लिहिली. ती १९०७ मध्ये दक्षिण अमेरिकेतील चिली देशात पोहोचली. १९०९ मध्ये तेथील मेथॉडिस्ट चर्चमध्ये तसेच चैतन्य संचारले आणि त्यातूनच वेगळे स्वतंत्र चर्च जन्मले.

अखेरची वर्षे रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर करण्यात वेचली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. सनातन्यांनी त्यांना परके मानले, धर्मगुरूंनी हट्टी ठरवले. या दोहोंमधील एकाकी वाटेवर त्यांनी हजारो मुलींना मात्र हक्काचे छप्पर दिले.