सलीम अली आणि हळदी-कुंकू बदकाचं भांडण

सलीम अली म्हटलं की सुगरणीची घरटी आणि लहानपणी मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी आठवते. बदकाची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. भावंडांत सर्वांत धाकटे. तीन वर्षांचे होईपर्यंत आई-वडील दोघंही गेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी वाढवलं. पदवी नव्हती म्हणून सरकारी नोकरी हुकली. मग १९२९ मध्ये बर्लिन गाठून ते एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. वेगवेगळ्या मुलखांत राहणारे, थोडाफार फरक असलेले पक्षी एकाच प्रजातीच्या उपप्रजाती मानायच्या, असा त्या काळच्या अभ्यासकांचा कल होता.

आपल्या तळ्यांवरचं हळदी-कुंकू बदक घ्या. काळ्या चोचीचं टोक पिवळं, कपाळाशी दोन लाल ठिपके, पंखावर हिरवा चमकदार पट्टा. चीन-जपानकडच्या त्याच्या भावाला लाल ठिपके नाहीत, पट्टाही निळा. १८६६ मध्ये स्विन्हो यांनी त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिलं होतं. पण मधल्या ब्रह्मदेशातल्या बदकाचे ठिपके बारीक, नाहीतर गायबच! मग रेघ मारायची कुठं? सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्या दहा खंडी ग्रंथाचा पहिला खंड १९६८ मध्ये आला, त्यात ही सगळी बदकं एकाच प्रजातीत बसली.

खरं तर नावांच्या या वादांत सलीम साहेबांचा जीव रमत नव्हता. १९५६ मध्ये त्यांनी रिप्लींना पत्रात कळवलं होतं की, या भानगडींनी डोकं गरगरतं, हे सगळं सोडून रानात पक्ष्यांसोबत शांतपणे राहावंसं वाटतं. मेलेल्या कातडीपेक्षा जिवंत पक्षी कसा राहतो, कुणाशी जोडी जमवतो, हे त्यांना महत्त्वाचं. किहीमला सुगरणी त्यांनी तशाच तासन् तास न्याहाळल्या होत्या.

२० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचा इंतकाल झाला. त्यानंतर हाँगकाँगच्या परिसरात दोन्ही बदकं एकाच ठिकाणी वीण करताना दिसली. शेजारी राहूनही जोड्या मात्र बहुतेक आपापल्यातच जमत होत्या. २००६ मध्ये हे निरीक्षण छापून आलं आणि दोन्ही वेगळ्या प्रजाती असल्याचा दावा बळकट झाला. आज पक्ष्यांच्या प्रमुख याद्यांत त्यांची नावं वेगळी आहेत. ब्रह्मदेशातलं बदक मात्र ठिपके नसतानाही आपल्याच हळदी-कुंकूत मोजलं जातं.