तयारीचा दिवस आणि सामाजी दिवेकर



उत्तम शुक्रवारी आपण दुःखसहनाचा वृत्तांत ऐकतो. प्रभू येशू मरण पावले तो तयारीचा दिवस होता, असे शुभवर्तमानात आहे. म्हणून तर अरिमथाईकर योसेफाची घाई. यहुद्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो आणि मग चूल पेटवायची नाही. स्वयंपाक, पाणी, दिवा सगळे आधी. ग्रीक भाषेत शुक्रवारचे नावच आजही तयारी असे आहे.

हा दिवस पाळणारे लोक आपल्याच महाराष्ट्रात, कोकणात होते. घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल. धंदा तेलाचा. आपल्याकडील वडीलधाऱ्यांना जवसाचा घाणा आठवत असेल. यांचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. धर्मग्रंथ जवळ नव्हते. सुंता, शब्बाथ आणि एक छोटी प्रार्थना मात्र शिल्लक होती. शनिवारच्या विसाव्याचा भार शुक्रवारी बायकांवर पडत असणार, हेही आपण विसरू नये.

सॅम्युएल इझिकेल, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर, याच समाजातले. ते इंग्रजांच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात (१७८० ते १७८४) टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. तिथे त्यांनी आपली जात बेने इस्राएल सांगितली. हे नाव कुराणात असल्याने टिपूच्या आईने रदबदली केली आणि जीव वाचला, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः घ्यावी असे आम्ही म्हणणार नाही. पण मरणाच्या दारात माणूस स्वतःला कोण म्हणवतो, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या कोणत्याही वर्गापेक्षा कठीण आहे. जंगलातल्या ज्या गावांत आपली दोन-चारच कुटुंबे आहेत, त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

सुटलो तर प्रार्थनालय बांधीन, असा त्यांचा नवस होता म्हणतात. १७९६ साली मुंबईत मांडवी भागात त्यांनी ते बांधले. बेने इस्राएलांचे हे पहिले प्रार्थनालय. त्याचे नाव दयेचे द्वार असे असले, तरी लोक जुनी मशीदच म्हणत. मशीद बंदर स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले, असेही सांगितले जाते.

इमारत झाली, पण वाचायला तोरा हवी होती. ती मिळवायला सामाजी कोचीनच्या यहुद्यांकडे गेले आणि १७९७ साली तिथेच वारले. १८६० साली प्रार्थनालय जवळच दुसऱ्या जागी हलवले गेले. तो रस्ता सॅम्युएल स्ट्रीट या नावाने ओळखला जातो.