भाकरीमागे तुपाची वाटी

आपल्या सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर हे संत नामदेवांचे गाव. इ. स. १२७० साली दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. घरचा धंदा कपडे शिवण्याचा. पण नामदेवांचे मन सुईदोऱ्यात रमले नाही. त्यांचे सारे जग विठ्ठलाच्या देवळात होते. देव आहे तो पंढरीतच, अशी त्यांची भाबडी समजूत होती.

ती समजूत विसोबा खेचरांनी मोडली. परंपरा सांगते की, औंढा नागनाथला विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी ते पाय उचलून जिथे ठेवावेत तिथे पिंडच दिसू लागली!

पुढे १२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. त्यानंतर नामदेव उत्तरेकडे निघाले. भागवत धर्माचा प्रसार करीत ते थेट पंजाबपर्यंत गेले. अशाच एका मुक्कामाची कथा घरोघरी सांगितली जाते. एका कुत्र्याने त्यांची भाकरी पळविली. दुसऱ्या कुणी काठी उचलली असती. नामदेव मात्र तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली उतरणार कशी, ही त्यांना काळजी!

मित्रहो, ही कथा ऐकून आपण हसतो. पण तिच्या शेजारी चोखोबांची कथा ठेवून पाहा. चोखामेळा हे नामदेवांचे शिष्य. जातीमुळे त्यांना देवळात प्रवेश नव्हता. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते त्याखाली गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या व महाद्वारासमोर समाधी बांधली. त्या महाद्वारातून अस्पृश्य बांधवांना आत जाण्यासाठी मात्र १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. रस्त्यावरच्या कुत्र्याला जे तूप मिळाले, ते दाराशी उभ्या माणसाला सहाशे वर्षे मिळाले नाही!

पंजाबने मात्र या मराठी शिंप्याला आपला मानला. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्मारक असून २०१५ साली तेथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले.

१३५० साली नामदेवांनी देह ठेवला. पंढरपूरच्या महाद्वारातील पहिली पायरी त्यांच्या नावाची आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वर चढलेल्याने मागच्यासाठी वाटी घेऊन धावावे, एवढे मला या चरित्रातून समजले.