आपल्या बावड्याचे रामचंद्रपंत अमात्य

भगिनींनो, आपले गगनबावडे ज्यांच्या जहागिरीचे ठाणे होते, त्या पंत अमात्य घराण्यातील थोर पुरुष रामचंद्रपंत यांची ओळख आपल्या स्मरणिकेत असावी, म्हणून हा लेख लिहीत आहे.

१६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांतील अमात्यपद, म्हणजे राज्याचा जमाखर्च पाहण्याचे काम, पंतांकडे होते. पुढे १६८९ मध्ये राजाराम महाराजांना दूर जिंजीस जावे लागले. तेव्हा इकडचा सारा कारभार पंतांवर आला. त्यांना हुकुमतपनाह हा किताब मिळाला. औरंगजेबाची अफाट फौज मुलखात असताना त्यांनी संताजी-धनाजींसारखे वीर हाताशी धरून राज्य राखले. राजाचाच अधिकार जणू त्यांच्या हाती होता.

एवढी सत्ता वापरलेल्या या पुरुषाने उतारवयात, सत्तेने कोठे थांबावे हेही लिहून ठेविले. तेच १७१५ सालचे आज्ञापत्र. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा दुसरे संभाजी महाराज होते. आरमाराला लाकूड लागते. पण रयतेच्या आंब्या-फणसास हात लावू नये, कारण ती झाडे वाढावयास वर्षानुवर्षे लागतात व ती गेल्यास धन्याच्या जिवाला लागते, असे त्यात बजाविले आहे. झाड जुने झाले असेल तर धन्यास राजी करून, पैसे देऊन न्यावे. जबरदस्ती करू नये. १७१६ साली पंत निवर्तले.

परंतु आज्ञापत्र हे वरून खाली दिलेले सांगणे. राजानेच ते मोडले, तर रयतेने जावे कोठे? ही उणीव आपल्या राज्यघटनेने भरून काढली. २६ जानेवारी १९५० पासून ती अमलात आहे. सरकारचा कायदासुद्धा आपल्या मूलभूत हक्कांविरुद्ध असेल, तर न्यायालय तो रद्द करू शकते. कायद्याच्या आधारावाचून कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही.

मी सातवी शिकलेली. मागे रस्त्याच्या मोजणीत आमच्या परड्यातील, सासूबाईंनी लावलेल्या फणसावर खूण पडली. ना कागद, ना भरपाईचे बोलणे. सरकारी काम अडवू नये, असे शेजारी म्हणाले. मी लेखी नोटीस मागितली. अद्याप ती आलेली नाही. झाड उभे आहे. रस्ता व्हावाच. फणस जाईलही, पण विचारून आणि मोल देऊन जावा.

घटनेचे मराठी पुस्तक मंडळात आणावे आणि हळदीकुंकवाच्या दिवशी त्यातील एकेक हक्क वाचावा, अशी माझी सर्व भगिनींस विनंती आहे.