ज्यूलचा हिशेब आणि आपल्या घरातला फ्यूज

मैत्रिणींनो, इस्त्री चटका बसेल इतकी तापते, पण तिची वायर हाताला जेमतेम कोमट लागते. वीज तर दोन्हीतून तेवढीच वाहते, मग असं का? याचा हिशेब पहिल्यांदा मांडला जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यानं.

२४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमधल्या सॅलफर्ड इथं त्याचा जन्म झाला. वडिलांचा बिअरचा मोठा कारखाना. मुलाची प्रकृती तोळामासा, म्हणून शिक्षण घरीच. पुढे थोडा काळ थोर शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांच्याकडे शिकायला मिळालं. कॉलेजचं तोंड काही त्यानं पाहिलं नाही. कारखान्यातलं काम करायचं आणि उरलेल्या वेळात प्रयोग!

१८४० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यानं तांब्याची तार काचेच्या नळीवर गुंडाळून पाण्यात बुडवली, तिच्यातून वीज सोडली आणि पाणी किती तापतं ते थर्मामीटरनं मोजलं. सारख्याच प्रवाहात जाड तारेपेक्षा बारीक तार जास्त तापली, कारण ती विजेला जास्त अडवते. इस्त्रीच्या आतली कॉइल वीज खूप अडवते, तांब्याची वायर अगदी थोडी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते आणि तिप्पट झाला की नऊपट!

रॉयल सोसायटीनं मात्र या निबंधाचा नुसता सारांश छापला. तरी गडी खचला नाही. काम आणि उष्णता यांचं नातं तो मोजतच राहिला. १८५० मध्ये त्याच सोसायटीनं त्याला सदस्य करून घेतलं. १८५४ मध्ये पत्नी अमेलिया गेली, दोन लहान मुलं मागे राहिली. मोजणं तरीही सुटलं नाही. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी तो वारला. त्याच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलाय. पाणी तापवायला किती काम लागतं, त्याचं हे त्यानं केलेलं मोजमाप. ऊर्जेच्या एककालाही आज त्याचंच नाव आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आपला फ्यूज. बचत गटाच्या कामासाठी घरोघरी जाते तेव्हा एकाच बोर्डावर इस्त्री, मिक्सर आणि पाणी तापवायचा रॉड लावलेला दिसतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी त्यात तांब्याची जाड तार घालून ठेवलेली असते. अगं, फ्यूजची तार बारीक असते ती आधी वितळून वीज तोडण्यासाठीच! तिथं जाड तार बसली की ती वितळत नाही, भिंतीतली वायर तापत राहते, तीही चौपटीच्या हिशेबानं. वरचं आवरण वितळून आग लागायला मग कितीसा वेळ?

तेव्हा फ्यूज वारंवार उडत असेल तर एकेक उपकरण बंद करा, वायरमनला बोलवा. तार मात्र योग्य मापाचीच घाला.